दाजी, मशीन मी बंद केलं

दाजी, मशीन मी बंद केलं. आधी हेच सांगून टाकतो. तुम्ही असता तर मी सांगलीच्या स्टँडवरून येऊन दारात चप्पल काढायच्या आत तुम्ही विचारलं असतंत, "काय मास्तर, परत कशाला हात लावायला आलाय?" तर लावला हात. नुसता लावला नाही, मागचं बटण दाबून सगळं थंड करून टाकलं. तेव्हापासून तुमच्या रागाची धास्ती घेऊन बसलोय. लोक म्हणतील, गेलेल्या माणसाची कसली भीती. त्यांनी तुम्हाला रागावलेलं पाहिलेलं नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी साताऱ्याहून पोचलो तेव्हा ओसरीवर माणसं दाटीनं बसली होती आणि मागच्या खोलीतून मशीनच्या सरकत्या गाड्याचा आवाज येत होता. कर्र, मग जरा शांत, मग पुन्हा कर्र. तुम्ही घोंगडीवर निजलेले आणि तिकडे तुमचं मशीन आपलं काम करतंय. कुणीतरी हलकेच म्हणालं, "ते बंद करा की आता, बरं दिसत न्हाई." आमची आक्का भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "चालू दे. त्यांनी लावून ठिवलंय."  मी मात्र तेव्हापासून कान तिकडेच लावून बसलो. माणसं रडत होती, मी आवाज ऐकत होतो. गाडा अडकला तर? सुया वाकल्या तर? टाकीतलं पाणी आटलं तर? तुमच्यासाठी रडायचं सोडून मी तुमच्या मशीनची काळजी करत बसलो, याचा राग मानू नका. माझा स्वभावच तसा, तुम्हाला ठाऊक आहे. एसटीत बसलो तरी ड्रायव्हरच्या वतीनं ब्रेक मीच दाबतो, असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात.

दुसऱ्या दिवशी वेगळीच पंचाईत झाली. मशीनमधल्या जिवाणूंना घालायचं खाद्य संपत आलं होतं. ते साखरेचं पाणी उकळून, कुकरमध्ये निर्जंतुक करून घालायला लागतं. आणि घरात सुतक, चूल पेटवायची नाही. आपल्याला जेवायचे डबे शेजारून येत होते, जिवाणूंचा डबा कोण आणणार? जतहून आलेले तुमचे थोरले भाऊ म्हणाले, "नियम म्हंजे नियम." मी म्हणालो, हा स्वयंपाक नव्हे. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "खाणारं जित्राब हाय न्हवं? मग सैपाकच की." शेवटी शेजारच्या काकू येऊन बाटल्या घेऊन गेल्या, आपल्या कुकरात उकळून, झाकणाला कापसाचा बोळा जसाच्या तसा ठेवून परत आणून दिल्या. वर म्हणाल्या, "मीठ न्हाई घातलं हां." आक्का तेवढ्या दिवसांत तेव्हाच एकदा हसली. तुम्ही असता तर हा किस्सा दहा वर्षं पुरवला असतात.

तुमची आणि शिळ्या रसाची सोयरीक तशी आमच्याच दारात जमली. लग्नानंतरची पहिली दिवाळी, तुम्ही कुंडलला आलेला. आमच्या आईनं दिवाळसणाचा थाट मांडलेला आणि तुम्ही बांधावर जाऊन बसलात. तोडलेला ऊस कारखान्याची गाडी आली नाही म्हणून तसाच पडून होता. तुम्ही त्यातला एक पिळून घेतलात, बोट बुडवलंत आणि वर काढलंत तर बोटाबरोबर रसाची तार लांब होत गेली. तुमचे डोळे असे काही चमकले की आमच्या वडलांना वाटलं जावयाला काहीतरी चावलं. "आमच्या जतात माणसं टँकरची वाट बघत बसत्यात," तुम्ही म्हणालात, "आणि तुमी हितं गाडीची वाट बघत साखरेचा डिंक करून टाकताय काय की!" मग तुम्ही अंगणातच आम्हाला समजावून सांगितलंत. ऊस पडून राहिला की एक जिवाणू त्यातली साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकटा करून ठेवतो. त्या चिकट्यानं कारखान्याची गाळणी तुंबतात, साखरेचे दाणे नीट धरत नाहीत. तो चिकटा कापणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, दुसऱ्या एका जिवाणूच्या पोटात तयार होणारं. पण कारखान्यात रस गरम करतात आणि त्या उष्णतेत बिचारं विकर नांगी टाकतं. "ते गरमीत टिकलं पायजे," तुम्ही म्हणालात. वडील हळूच आईला म्हणाले, "जावई दिवाळीला आला आन् शिळा ऊस मागून घिऊन चालला."

ते टिकवायचं कसं, हे तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत ते मेंढरांच्या भाषेत. तुमचं सगळं लहानपण मेंढरांमागे गेलेलं. चुलत्यांनी कळपासाठी बकरा राखायचा म्हटला की सगळ्यात ऐटदार शिंगांचा राखायचा. काही वर्षांत कळपभर शिंगं झाली, आणि लोकर मात्र आखूड, दूध कमी. "मानसानं जे बघून राखलं तेच वाढलं, मास्तर. चुलत्यानं शिंगं मागितली, कळपानं शिंगं दिली." जिवाणूंचंही तसंच करायचं, फक्त पिढ्या वर्षांच्या नाहीत, तासांच्या. पिढीतल्या हजारांमधून एक निवडायचा, त्याची पोरं वाढवायची, त्यातून पुन्हा एक. हातानं करायचं तर जन्म पुरणार नाही. म्हणून तुम्हाला मशीन हवं होतं आणि बायकोचा भाऊ पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, हे तुम्हाला बरोबर आठवलं.

काय ते दिवस होते! शनिवारी दुपारी साताऱ्याहून निघायचं, कराडला चहा, संध्याकाळी सांगली. तुमच्या मागच्या दोन खोल्यांत तासगावच्या बागायतदारांनी तपासायला दिलेल्या माती-पाण्याच्या बाटल्या, त्यांनी प्रेमानं आणून दिलेले बेदाणे आणि मधल्या टेबलावर आपला पसारा. मोडीत निघालेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा गाडा मी उचलून आणला. शाईचं डोकं काढून तिथं स्टीलच्या सुयांचा जुडगा बसवला. तो गाडा एका ट्रेवर जायचा, छोट्या छोट्या वाट्यांत सुया बुडवायचा, थेंब उचलून गरम पाण्याच्या टाकीतल्या दुसऱ्या ट्रेत सोडायचा. तिथल्या वाट्यांत शिळा, गढूळ रस. खाली दिवा, वर उजेड मोजणारा डोळा. ज्या वाटीतून जास्त उजेड येईल तिथला चिकटा कापला गेला, असं धरायचं. जुना कॉम्प्युटर त्या वाटीचा नंबर दाखवायचा. तुम्ही तेवढे जिवाणू घ्यायचात, अतिनील दिव्याखाली धरून त्यांच्या पोरांत फेरफार घडवायचात, टाकीचं पाणी किंचित आणखी गरम करायचात आणि पुन्हा गाडा चालू. आक्कानं त्याचं नाव जावई ठेवलं, कारण त्याला वेळच्या वेळी खायला लागायचं आणि जरा कमीजास्त झालं की ते रुसायचं. "या घरात जावई मी का ते?" तुम्ही विचारायचात. "तुमी तर घरजावई नव्हं," ती म्हणायची, "ते घरातच ऱ्हातंय."

पहिल्या फेऱ्या तुम्ही डोळ्यांत तेल घालून तपासल्यात. मशीन म्हणतं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हा तुमचाच नियम. प्रत्येक फेरीतला रस गाळून त्यात स्पिरिट घालून बघायचात. चिकटा शिल्लक असेल तर रस दुधासारखा पांढरा होतो, कापला गेला असेल तर तसा होत नाही. तेव्हा मशीनचा आकडा आणि स्पिरिटची परीक्षा जुळत होती. फेरीगणिक पांढरेपणा थोडा कमी. मग विश्वास बसला. तुमचा बसला आणि माझाही बसला, कारण मशीन माझं होतं. हाताची परीक्षा मागे पडली. आकडे चढत राहिले आणि तुम्ही कारखान्याच्या चीफ केमिस्टना जाऊन सांगितलंत, या हंगामात एका टाकीत घालून दाखवतो.

आणि मग तो शेवटचा शनिवार. दाजी, तो दिवस मी इतक्या वेळा आठवलाय की आता त्यातलं खरं कुठलं आणि मी मागाहून घातलेलं कुठलं, हेच कळत नाही. मी सहज म्हणून पहिल्या नंबरची वाटी चिमट्यात धरून खिडकीशी नेली. वरचा रस स्वच्छ, आणि तळाशी पातळ घट्ट थर.  मी म्हणालो, "दाजी, हे जिवाणू चिकटा कापत नाहीत. एकमेकांना धरून खाली बसतायत आणि जाताना गढूळपणा बरोबर नेतायत. वरून उजेड येणारच."

"आकडा बघा मास्तर."

"आकडा उजेडाचा आहे, चिकट्याचा नाही."

"दोन्ही एकच हाय, इतक्या फेऱ्या तपासलंय."

"पहिल्या फेऱ्या. नंतर कुठं तपासलं? वाट्या ढवळून मग मोजायला पाहिजे. नाहीतर प्रत्येक वाटीत स्पिरिट घालू."

"प्रिंटरच्या मोटरीशेजारी स्पिरिट? घर पेटवायचं हाय का तुमाला? आणि ढवळलं की बुडबुडे, मग तुमचा तो डोळा काय बघणार?"

तुमचं म्हणणं चूक नव्हतं. मी तिथं थांबायला हवं होतं, पण मला थांबताच येत नाही. मी म्हणालो, "तुमच्या चुलत्यानं शिंगं बघितली, आपण उजेड बघतोय. आपल्यालाही शिंगंच मिळालीत." तुम्ही चिमटा माझ्या हातातून घेतलात, वाटी जागेवर ठेवलीत आणि म्हणालात, "त्या म्हाताऱ्याला मधी आणू नका." बस्स. एरवी स्कूटरवरून स्टँडला सोडायला यायचात, त्या दिवशी आला नाहीत. आक्कानं पिशवीत बेदाण्याचा पुडा घातला आणि म्हणाली, "जाऊ दे रं, तुला म्हाईत हाय न्हवं त्यांचं." तेच आपलं शेवटचं बोलणं.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर मी मुद्दाम मागे उभा होतो. तुम्हाला मूलबाळ नाही, विधी थोरल्यांनीच केले. पिंड मांडले, सगळे बाजूला झाले आणि झाडावरचा कावळा जागचा हलेना. थोरले हात जोडून म्हणाले, "तुझ्या बायकूचं आमी बघतो, काळजी करू नगंस." कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, जतच्या घराचं बोला. बोलले. गुरुजींनी घड्याळ बघितलं. मग कुंडलच्या आमच्या मामांनी विचारलं, "आवं, त्यांचा जीव कशात हुता?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी, दाजी! ज्यानं मांजर आडवं गेलं तरी रस्ता बदललेला नाही, तो मी पुढं झालो, हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "दाजी, मशीन बंद पडू देणार नाही."

कावळा उतरला.

तुम्ही म्हणाला असता, सकाळपासून उपाशी होता, केव्हातरी उतरणारच. मीही मनात तेच म्हणत होतो. कावळ्यानं काय बघून निवडलं हे कुणी तपासलेलं नाही. पण जत आणि कुंडल, दोन्हीकडच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. परतताना थोरल्यांनी माझा हात असा दाबला की बोटं दुखली. "शब्द दिलाय मास्तर. आता इसरायचं न्हाई." आक्कानं मागच्या खोलीत जाऊन मशीनवरची धूळ पदरानं पुसली.

म्हणजे माझी अवस्था बघा. जे मशीन चुकीची माणसं निवडतंय असं मला वाटतं — जिवाणू म्हणायचं होतं, माणसं लिहून गेलो, राहू दे — ते बंद करायचं नाही, असा शब्द मीच देऊन बसलो. कॉलेजातून रजा वाढवून घेतली आणि मी तिथंच राहिलो. लाईट गेली की धावत जाऊन ट्रकच्या बॅटऱ्यांवर टाकी घ्यायची, आली की पुन्हा परत. जेवताना घास हातात धरून ऐकायचं, गाडा चालतोय ना. आणि प्रत्येक फेरीला आकडा चढतच होता! पूर्वी आकडा चढला की आपण आक्काकडून शिरा करून घ्यायचो. आता आकडा चढला की मी तोंड फिरवायचो. तेराव्यानंतर आक्का म्हणाली, "केमिस्टसायब यायचं म्हंत्यात. त्यांचं नाव घिऊन टाकीत घालायचं, येवढं झालं की मला बास." तिच्या डोळ्यांत मी प्रथमच जरा उजेड पाहिला आणि वाटीचं सांगायचं पुढं ढकललं.

काय करायचं होतं मी? चीफ केमिस्ट आले असते, आपण ते विकर हजारो लिटर रसाच्या टाकीत ओतलं असतं, आणि काहीही झालं नसतं. रस तसाच चिकट. माणसं भली आहेत, तोंडावर काही म्हणाली नसती. पण हंगामभर कारखान्यात तुमच्या नावानं विनोद झाले असते. जतच्या मेंढपाळाच्या पोरानं घरी प्रिंटरवर जिवाणू छापले, असं काहीतरी. आणि ते कुठून तरी आक्काच्या कानावर आलं असतं. जिवंतपणी तुम्ही त्यांना पुरून उरला असता, गेल्यावर कसे उरणार? आणि समजा मीच चुकीचा असेन, तर? तर माझ्या एका शंकेपायी तुमचा हंगाम बुडवला असं होणार. दोन्हीकडून मीच मरत होतो. पडताळायचं तर गरम पाण्याची टाकी एकच, ती मशीनला जुंपलेली. मशीन थांबवल्याशिवाय परीक्षा नाही. जिवाणूंचा वंश बुडणार नव्हता, मागच्या फेऱ्यांच्या नळ्या फ्रिजमध्ये ओळीनं ठेवलेल्या. बुडणार होता तो माझा शब्द.

शेवटी मी आक्कालाच सांगितलं. स्वयंपाकघरात ती ज्वारी निवडत बसली होती. सगळं सांगितलं, वाटी, तळाचा थर, आपलं भांडण. ती सुपातले खडे काढत ऐकत होती. मग म्हणाली, "त्या रातीला जेवलं न्हाईत ते. मी म्हनलं मास्तर काय बोलला? तर म्हनाले, ऊस गोड हाय म्हनून भाऊ गोड निघंल असं न्हाई." मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हणालो, "आक्का, मी घाटावर शब्द दिलाय."

"कुनाला दिलायस?"

"दाजींना."

"मग कावळ्याला कशाला भितोस? त्यांना खरं काय ते बघायचं असायचं. चल, मी पन येते."

आणि मी बटण दाबलं, दाजी. गाडा अर्ध्या वाटेत थांबला. घर इतकं शांत झालं की शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही खरंच गेलात. इतके दिवस मागच्या खोलीत तुम्हीच काहीतरी करताय असं वाटत होतं. मी तिथंच स्टुलावर बसून रडलो. आक्कानं मला रडू दिलं, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही.

मग आम्ही कामाला लागलो. तीन बाटल्या घेतल्या. एकीत तुमच्या अगदी मूळच्या जिवाणूचं विकर, एकीत त्या सुरुवातीच्या, हातानं तपासलेल्या फेऱ्यांतलं, एकीत शेवटच्या फेरीतलं. जिवाणू गाळून टाकले, नुसतं पाणी ठेवलं, म्हणजे खाली बसायला कुणी उरणार नाही. तिन्हींत सारखाच शिळा रस घातला, टाकीत ठेवल्या, आणि वेळ झाल्यावर बाहेर काढून निवू दिल्या. स्पिरिट आक्कानंच ओतलं. दाजी, मी देवाला मानत नाही, तरी त्या क्षणी मी कुणालातरी म्हणत होतो, मी खोटा ठरू दे. उभ्या जन्मात तुमच्याशी भांडून एकदाही हरावंसं वाटलं नाही, तेव्हा वाटलं. शेवटच्या फेरीचा रस पांढराधोप झाला. मूळच्याचाही तसाच झाला. दोघांत काही फरक नाही. मधली बाटली तेवढी कमी पांढरी, धुक्यासारखी, पलीकडचं आक्काचं बोट दिसत होतं.

म्हणजे तिथवर तुम्ही बरोबर होता. तुम्ही हातानं तपासत होता तिथवर विकर खरंच सुधारत होतं. पुढं माझ्या मशीनच्या डोळ्यानं वाट सोडली आणि आपण दोघं खुशीत त्याच्या मागं गेलो. चीफ केमिस्टना मी फोन केला, म्हणालो, अजून तयार नाही, मध्येच एक चूक सापडली. ते म्हणाले, "सापडली हे बरं झालं. त्यांचं काम टाकू नका, पुढच्या हंगामाला बघू." तुमचं नाव त्यांनी आदरानं घेतलं.  त्या मधल्या नळीपासून पुन्हा सुरुवात करता येईल, वाट्यांत ढवळायचा दांडा बसवून, बुडबुडे विरेपर्यंत थांबून मोजायचं, हेही मला दिसत होतं. मी लगेच पानं-पेन्सिल घेऊन बसलो.

आक्कानं पेन्सिल काढून घेतली. "आज न्हाई," ती म्हणाली. "ते असते तर काय केलं असतं, सांग."

"चुकले हे कळल्यावर? भांडले असते. मग चार दिवस बोलले नसते."

"मग बोलायचं न्हाई चार दिस. तू बी न्हाई, मी बी न्हाई. त्यांचा राग त्यांना पुरा करू दे. मग तू फोन कर आन् काय ते सांग."

थोरल्यांना हे काय ते कळणार नाही, कुठल्या पोथीत असला विधी नाही. पण मी पिशवी उचलून साताऱ्याला आलो आणि आम्ही दोघं ते पाळतोय. बोलायला बंदी आहे, लिहायला नाही, म्हणून हे लिहितोय. घाटावर जे झालं त्यापेक्षा हेच मला तुमचं दिवसकार्य वाटतं. तुमचा राग उतरला की फोन नेहमी तुमचाच यायचा, भांडणाचं नाव न काढता, "मास्तर, शनिवारी येताना अमुक स्क्रू घेऊन या." त्या शनिवारनंतर एका सकाळी फोन वाजला, तेव्हा मी रिसीव्हर उचलून हसतच म्हणालो होतो, "बोला दाजी, उतरला वाटतं." पलीकडून तुमचे शेजारी बोलत होते.

उद्या बोलायचा दिवस. मी फोन लावीन आणि आक्काला म्हणेन, वाट्या ढवळूनच मोजू. ती म्हणेल, "मोज." म्हणेन, दांडा पितळेचा नको, स्टीलचा करतो. म्हणेल, "कर." मग मी काहीही म्हणालो तरी ती हो म्हणत जाईल. तुम्ही "न्हाई" म्हणाला असता, प्रत्येक गोष्टीला, आणि माझं खरं की खोटं हे तुमच्या त्या न्हाईवर घासून मला कळलं असतं. आता मी जे म्हणेन तेच होणार, दाजी. एकट्यानं बरोबर असायची मला लय भीती वाटते.